पाण्यात पाहिलेल्या विहिणी

बेटावरची ती पाच दिवसांची सुट्टी खरं तर नव्या जोडप्यासाठी होती. लग्नाला सहा महिने झाले होते, खोली ठरली होती, बोटीची तिकिटं हातात होती, आणि निघायच्या चार दिवस आधी मुलाच्या साहेबांनी त्याची रजा रद्द केली. आरक्षण परत होत नव्हतं. तेव्हा सुनेच्या डोक्यात आलं, आपल्याऐवजी दोन्ही आया जाऊ देत.

"दोघी? एकत्र?" मुलगा म्हणाला.

"एकत्र गेल्या तरच ओळख होईल ना."

"अगं, त्या एकमेकींना पाण्यात पाहतात. आणि तू त्यांना चारी बाजूंनी पाणी असलेल्या जागी पाठवतेस."

हे जरा वाढवून सांगणं होतं. दोघींचं कधीच भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, असं वाटण्याइतक्या त्या एकमेकींशी गोड वागत. मुलाची आई एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली होती, आणि भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला बाई म्हणत. मुलीच्या आईचं बाजारात पडदे आणि उशांची कव्हरं शिवण्याचं दुकान होतं. तिथे ती सगळ्यांची काकू. एकमेकींना मात्र दोघी 'विहीणबाई' म्हणत, आणि तेही इतक्या जपून, जणू काचेचं भांडं एकीच्या हातून दुसरीच्या हातात द्यायचं आहे.

सहा महिन्यांत घडलेली गोष्ट एकच. काकूंनी लेकीच्या नव्या घरासाठी स्वतःच्या हातानं पडदे शिवून दिले होते. बाईंनी ते पाहिले, कापड बोटांत धरून बघितलं, आणि म्हणाल्या, "छान आहेत. जरा गडद आहेत, एवढंच." काकू हसून "हो का" म्हणाल्या. तेव्हापासून ते 'जरा गडद' काकूंच्या मनात विसरून राहिलेल्या टाचणीसारखं टोचत होतं.

बाईंच्या यजमानांना बोटीचं चित्र पाहिलं तरी पोटात ढवळायचं, त्यामुळे ते घरीच राहिले. काकूंचे यजमान आठ वर्षांपूर्वी गेले होते, आणि त्यानंतर काकूंचं दुकान सलग दोन दिवस बंद राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बोट बेटाला लागली तेव्हा पाऊस पडत होता. साधा रिमझिम नव्हे. वरून कुणी बादली उपडी करावी आणि मग बादली उचलायची विसरूनच जावं, तसा. धक्क्यावर अतिथीगृहाचा मालक दोन छत्र्या घेऊन उभा होता. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस.

"कधी उघडेल?" बाईंनी विचारलं.

मालकानं आभाळाकडे पाहिलं. "उद्या," तो म्हणाला, आणि दोन्ही बॅगा उचलून चालू लागला.

खोली वरच्या मजल्यावर होती. दोन पलंग, एक खिडकीशी, एक भिंतीशी. मधे वेताची खुर्ची. खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता, पण दिसत होता तो फक्त पांढरा धूर.

"खिडकीजवळचा पलंग तुम्ही घ्या, विहीणबाई," बाई म्हणाल्या.

"छे छे. तुम्ही घ्या. तुम्हाला समुद्राची आवड."

"तुम्ही पहिल्यांदाच सुट्टीवर आलात."

"म्हणून काय झालं. तुम्ही वयानं मोठ्या."

बाई काकूंपेक्षा पाच महिन्यांनी मोठ्या होत्या आणि हे काकूंना तारखेसकट पाठ होतं. पाच-सात फेऱ्या झाल्यावर खिडकीचा मान बाईंकडे गेला. अर्ध्या तासानं छपरातून त्या पलंगाच्या नेमकं मधोमध पाणी टपकू लागलं. काकू उठल्या, न्हाणीघरातली बादली आणून गादीवर ठेवली, आणि भिंतीकडे तोंड करून हसू आवरत बसल्या. शेवटी मालकानं पलंग सरकवून दिला. दोन्ही पलंग भिंतीशी इतके जवळ आले की मधे जेमतेम एक पाऊल मावेल.

बाईंनी मग बॅगेतून वेळापत्रक काढलं. पाच दिवसांचं, तासागणिक आखलेलं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. दुसऱ्या दिवसाची पहिली ओळ होती, 'पहाटे ५.५०, सूर्योदय, पूर्वेचा किनारा.'

"हे प्लास्टिक बरं केलंत," काकू म्हणाल्या. "आता भिजणार नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. टोमणा होता की कौतुक, हे त्यांना ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई खरोखरच पाच पन्नासला पूर्वेच्या किनाऱ्यावर गेल्या. सूर्य उगवला असणार, भूगोलाप्रमाणे त्याला उगवणं भागच होतं, पण त्याचा पुरावा कुठे मिळाला नाही. वाऱ्यानं छत्रीच्या तीन काड्या मोडल्या. परत आल्या तेव्हा काकू झोपलेल्या होत्या. नऊला झोपलेल्या, दहाला झोपलेल्या. अकराला उठून त्यांनी चहा मागवला.

"बरं नाही का तुम्हाला?" बाईंनी काळजीनं विचारलं.

"फार बरं आहे. आठ वर्षांत पहिल्यांदा अकराला उठले."

"पण सुट्टी वाया चालली की हो. ऊन नाही, काही नाही."

"झोपायला ऊन कशाला लागतं?"

 बाई खाली जेवणाच्या खोलीत गेल्या आणि मालकाला हवेच्या कमी दाबाचा पट्टा म्हणजे काय ते समजावून सांगू लागल्या. मीठदाणी म्हणजे बेट, बशी म्हणजे ढग. मालक उभ्या उभ्या ऐकत होता. काकू जिना उतरून आल्या, त्यांनीही दोन मिनिटं ऐकलं.

"म्हणजे थोडक्यात, थांबणार नाही," काकू म्हणाल्या.

"तीन-चार दिवस तरी नाही," बाईंनी कबूल केलं.

"मला वाटलंच होतं," मालक म्हणाला.

"मग काल तुम्ही उद्या उघडेल का म्हणालात?"

"लोकांना बरं वाटतं."

जेवणात मासे, भात आणि गरम सूप होतं. बाई जेवत होत्या, पण काकूंचा घास हातातच राहिला होता. त्या पडद्यांकडे बघत होत्या. जेवणाच्या खोलीला चार मोठ्या खिडक्या होत्या, आणि चारही खिडक्यांचे पांढऱ्या शंखांच्या नक्षीचे निळे पडदे जमिनीपासून चांगले वीतभर वर लटकत होते. एकाची शिवण तिरकी, दुसऱ्याच्या चुण्या एका बाजूला गोळा झालेल्या.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"अहो, सूप गार होतंय."

"विहीणबाई, यांनी पडद्यांना हाफपँट घातलीय," काकू हळूच म्हणाल्या. "मला इथे बसून जेवण जाणार नाही."

त्यांनी मालकाला हाक मारली. पडदे धुतल्यावर आटले, मालकानं सांगितलं, आणि ज्यानं शिवले तो आता बेट सोडून गेला. कापड उरलंय का? उरलंय, माळ्यावर एक अख्खा तागा आहे. मशीन? बहिणीचं आहे, पायाचं, पण चालतं की नाही माहीत नाही. काकूंनी सूप एका दमात संपवलं आणि बाह्या वर केल्या. गेल्या दोन दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढं तेज बाईंनी पाहिलं नव्हतं.

मशीनला तेल घातलं, पट्टा आवळला, आणि दुपारी दोनला जेवणाच्या खोलीत कामाला सुरुवात झाली. बाहेर पाऊस, आत मशीनचा आवाज. बाई थोडा वेळ वर्तमानपत्र वाचत बसल्या. ते गेल्या आठवड्यातलं होतं. मग त्यांनी खिडकीतून पाहिलं. मग वेळापत्रक पाहिलं. 'दुपारी २.३०, शिंपले गोळा करणे.' शेवटी खुर्ची ओढून त्या काकूंच्या शेजारी येऊन बसल्या.

"मी काही करू का?"

"जुनी शिवण उसवता येते?"

"त्यात काय यायचंय."

दहा मिनिटांनी काकूंनी बाईंच्या हातातला पडदा घेतला आणि उजेडात धरला. शिवणीबरोबर कापडही दोन ठिकाणी फाटलं होतं.

"किती शिकलात म्हणालात तुम्ही?"

"एम.ए.," बाई म्हणाल्या.

"मग बरोबर आहे. हे सातवीपर्यंतचं काम."

बाईंना राग यायला हवा होता. पण वर्गात एकतीस वर्षं इतरांच्या चुका काढल्यावर कुणीतरी आपली चूक काढतंय, याची त्यांना गंमत वाटली. त्या हसल्या. हसता हसता सहज म्हणून गेल्या, "हा निळा रंग छान आहे हो. मला असा उजळच..." आणि त्यांनी जीभ चावली.

मशीन थांबलं.

"गडद," काकू म्हणाल्या.

"अहो, तसं नाही."

"सहा महिने झाले. मी रोज झोपताना विचार करते, गडद म्हणजे नक्की किती गडद?"

"जरा," बाई अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या. "जरा म्हटलं होतं मी."

"त्या 'जरा'नंच तर घोटाळा केला. वाईट म्हणाला असतात तर मी भांडले असते, मोकळी झाले असते."

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "खरं सांगू? मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोलले. सगळं घर तुमच्या हातचं सजलेलं. मी काय दिलं होतं, तर भिंतीवर लावायला जगाचा नकाशा. तो पोरांनी अजून लावलेला नाही."

"लावलाय."

"कुठे?"

काकूंनी दोरा ओवायचा बहाणा केला. "फ्रिजच्या मागे. भिंतीला ओल आलीय ना, ती झाकायला."

एक क्षण वाटलं, झालं, आता सहा महिन्यांचं दुसरं पुराण सुरू होणार. पण बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की मालक स्वयंपाकघरातून डोकावून गेला. काकूही हसल्या. "आणि पडदे गडदच आहेत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्याकडे तेच कापड उरलं होतं."

संध्याकाळपर्यंत तीन खिडक्या झाल्या. काम करता करता बोलणं सुरू राहिलं, आणि बोलता बोलता काकूंनी विचारलं, "तुम्ही वेळापत्रकात सगळं लिहिलंय. सूर्योदय, शिंपले, टेकडी, दीपगृह. पोहणं कुठे नाही?"

"ते... वेळ पुरला नसता."

"पाच दिवसांत?"

बाईंनी पडद्याची कड पुन्हा एकदा दुमडली. मग त्यांनी सांगितलं. त्या समुद्रात कधी उतरल्याच नव्हत्या. घोट्यापर्यंतसुद्धा नाही. शाळेच्या सहली समुद्रावर जायच्या तेव्हा चाळीस पोरं पाण्यात उड्या मारायची आणि बाई वाळूत उभ्या राहून त्यांच्या चपला सांभाळायच्या. कुणीतरी सांभाळायला हव्यात, असं त्या म्हणायच्या. खरं कारण भीती. पाणी मागे सरतं तेव्हा पायाखालची वाळूही सरकते, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, आणि सरकणाऱ्या जमिनीवर उभं राहायला त्यांची तयारी नव्हती.

"भरती-ओहोटी शिकवलीत?"

"एकतीस वर्षं."

"लाटा?"

"आकृतीसकट."

"कोरडे पाषाण म्हणतात ते हेच," काकू म्हणाल्या. त्या स्वतः नदीकाठी वाढल्या होत्या, चालण्याआधी पोहायला शिकल्या असं त्यांची आई सांगायची. "उद्या उतरायचं."

"पावसात?"

"समुद्रात गेल्यावर तुम्ही काय कोरड्या राहणार होतात?"

बाईंनी लगेच तीन अडचणी सांगितल्या. वीज, लाटा आणि कपडे. वीज नव्हतीच. पाऊस पडत होता, पण दोन दिवसांत एकदाही गडगडलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. लाटांबद्दल मालकाला विचारलं. तो म्हणाला, दगडी बांधाच्या आतल्या बाजूला पाणी तळ्यासारखं असतं, कमरेच्या वर जात नाही, बेटावरची म्हातारी माणसं तिथेच डुंबतात. 'म्हातारी' शब्दाकडे दोघींनी एकमतानं दुर्लक्ष केलं. उरले कपडे. पोहायचा पोशाख बाईंकडे नव्हता.

काकूंनी तागा उलगडला. चौथी खिडकी धरूनही चांगलं अडीच वार कापड उरत होतं. "हात वर करा," त्या म्हणाल्या, आणि गळ्यातला टेप काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाई खोलीतून बाहेर आल्या त्या गुडघ्यापर्यंतच्या निळ्या झग्यात. कंबरेला नाडी, खांद्याला दोन बटणं, आणि छातीवर बरोबर मधोमध एक पांढरा शंख छापलेला, कारण काकूंनी नक्षी जुळवून कापली होती. जिन्यावर मालक भेटला. त्यानं बाईंकडे पाहिलं, मग जेवणाच्या खोलीच्या पडद्यांकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे.

"चारही जागेवर आहेत," काकूंनी त्याला सांगितलं. "हा पाचवा."

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. वाळूवर पावसाची बारीक बारीक भोकं पडत होती. काकू सरळ पाण्यात गेल्या, मागे वळून हात पुढे केला. बाई घोट्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. पावसाचं पाणी गार होतं, पण समुद्राचं कोमट. दुधासारखं कोमट. हे कुठल्याच पुस्तकात त्यांनी वाचलं नव्हतं, म्हणजे वाचलं असेल, पण आकड्यांत.

"कोमट आहे हो."

"अजून या."

गुडघे बुडाले. मग मांड्या. तेवढ्यात पडद्याचं कापड पाण्यात फुगलं आणि बाईंच्या चारी बाजूंनी तंबूसारखं वर आलं. त्या ते दाबायला गेल्या, तर मागून फुगलं. मागून दाबलं, तर पुढून. आणि त्या गडबडीत एक छोटीशी लाट आली, खरं तर लाटेचं पिल्लूच, पण ओसरताना तिनं पायाखालची वाळू ओढून नेली.

"हात सोडू नकोस," बाई ओरडल्या. "धर मला, धर, अगं धर ना."

"धरलंय," काकू म्हणाल्या. "धरलंय गं. उभी राहा. गेली ती."

लाट गेली. बाई दोन्ही हातांनी काकूंच्या खांद्याला लटकून उभ्या होत्या, चष्म्यावर पाणी, केस कपाळाला चिकटलेले. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आपण बुडालो नाही. मग लक्षात आलं की आपण काय बोललो.

"माफ करा हं, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "घाबरून तोंडातून निघून गेलं."

"बुडणाऱ्या माणसानं 'कृपया आपण मला धरावं' म्हणायचं असतं का?"

"तरी पण."

"असं करू. समुद्रात 'तू', बाहेर 'तुम्ही'."

"चालेल," बाईंनी थोडा विचार करून सांगितलं. नियम असला की त्यांना बरं वाटे.

त्या दिवशी दोघी दीड तास पाण्यात होत्या. दुपारी जेवून पुन्हा गेल्या. काकूंनी बाईंना पाठीवर तरंगायला शिकवलं. हात मानेखाली धरून, "आभाळाकडे बघ, पायाकडे बघू नकोस, पाय कुठे पळून जात नाहीत," असं सांगत. पाऊस तोंडावर पडत होता आणि बाई डोळे मिटून तरंगत होत्या. चौथ्या खेपेला काकूंनी न सांगता हात काढून घेतला. बाईंना ते कळायला बराच वेळ लागला. कळल्यावर त्या बुडाल्या, पण तोवर सात-आठ श्वास झाले होते, आणि ते त्यांनी मोजले होते.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, फार पाऊस आहे म्हणे तिकडे. तुम्ही दोघी ठीक आहात ना? काही... म्हणजे कंटाळलात का?"

बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू टॉवेल डोक्याला गुंडाळून दुसऱ्यांदा सूप पीत होत्या.

"विहीणबाई झोपूनच असतात," बाई फोनवर म्हणाल्या. "मी माझी वाचत बसते."

"भांडलात का?"

"भांडायला बोलावं लागतं."

मुलाच्या सुस्काऱ्याचा आवाज फोनबाहेर आला. काकूंना ठसका लागला. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "पोरं बिचारी काळजी करतील."

"करू देत. माझा नकाशा फ्रिजमागे लावतात."

चौथ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा पाण्यात गेल्या आणि दमून जेवल्याबरोबर झोपल्या. दोघीही. उठल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. खाली मालक व्हरांड्यातल्या खुर्च्या पुसत होता, आणि त्याचं नाक लाल झालं होतं.

"ऊन पडलं होतं," तो म्हणाला. "दीड ते पाच. कडक."

बाई खुर्चीत बसल्या. "आणि तुम्ही आम्हाला उठवलं नाही?"

"आलो होतो. दार वाजवणार होतो." तो थांबला. "दोघी घोरत होतात. ऐकायला बरं वाटलं, म्हणून परत गेलो."

"मी घोरत नाही," बाई म्हणाल्या.

"मीही नाही," काकू म्हणाल्या.

"मग एकीनंच दोघींचं केलं असेल," मालक म्हणाला. चार दिवसांतला त्याचा हा पहिला विनोद.

बाहेर पाऊस पुन्हा सुरू झाला होता. बाई थोडा वेळ चुटपुटल्या. साडेतीन तासांचं ऊन, पाच दिवसांत एकदाच, आणि ते झोपेत गेलं. काकूंनी त्यांची समजूत घातली नाही. "ऊन काय, घरीही मिळतं," एवढंच त्या म्हणाल्या, "चल, अजून उजेड आहे." जमिनीवर असूनही 'चल' म्हणाल्या. बाईंनी ते ऐकलं, नियमाची आठवण करून द्यायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं. मग निळा झगा दोरीवरून काढला. तो ओलाच होता.

पाचव्या दिवशी बोटीवर एक जोडपं समोर बसलं होतं. नवरा वाटभर सुट्टी कशी फुकट गेली ते सांगत होता. दोघी मान डोलावून "हो ना," "खरंच," "फार वाईट," म्हणत राहिल्या. धक्क्यावर सून घ्यायला आली होती. दोन्ही आया एकाच छत्रीखाली, बॅगेच्या पट्ट्यावरून भांडत येताना दिसल्या. "मी घेते," "तू गप्प बस, तुझा खांदा दुखतोय." सुनेनं नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं की त्या खरंच भांडताहेत, पण तिला काहीतरी वेगळंच वाटतंय.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात बाईंनी नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. नवशिक्यांच्या वर्गात बाकी सगळी सात-आठ वर्षांची मुलं होती. प्रशिक्षकानं त्यांना वेगळी वेळ देऊ केली, पण बाईंनी नको म्हटलं, वर्गात बसायची त्यांना सवय होती. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी त्यांनी ओल्या केसांनीच काकूंना दुकानात फोन केला.

"आज तलाव पार केला. एकटीनं."

"उभा की आडवा?"

"आडवा."

"आडवा तर बदकंही करतात," काकू म्हणाल्या. "शनिवारी दुकान बंद ठेवतेय. येते, उभा करून दाखव." आणि गिऱ्हाईक समोर उभं आहे असं सांगून त्यांनी फोन ठेवला.